मॅडमला ठाऊक नसणार

सात नंबरच्या प्रेसचं डावं बटण कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दाबून ठेवलं होतं. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे कौसल्या गित्तेनं पाहिलं. तिनं मशीन थांबवलं, हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि हाताची घडी घालून उभी राहिली. शेजारच्या दोन प्रेसही थांबल्या.

"मॅडम, मेमो मराठीत द्या," ती म्हणाली. "मागल्या साहेबानं इंग्रजीत दिल्ता. सही केली, पन काय लिव्हलं होतं ते अजून न्हाई कळलं."

चाकणला गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा सुरक्षा अधिकारी म्हणून नुकती लागले होते. सव्वीस वर्षांची होते. प्रेसच्या लाईनवर चाळीसेक बायका होत्या, सगळ्या कंत्राटी. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेसचा वरचा साचा खाली येत नाही. हात बटणांवर असले की साच्यात नसतात, म्हणून ती सोय. एक बटण बांधून टाकलं की एक हात मोकळा राहतो, काम झपाट्यानं होतं, आणि तो मोकळा हात कधीतरी साच्यात सापडतो.

"कुणी बांधलं हे?" मी विचारलं.

"म्या."

"का?"

"का, असं आजवर कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "सांगते की. पन आधी तुमी इथं उभ्या ऱ्हावा. तासभर."

मी उभी राहिले. पट्टी सोडली, हातमोजे घातले आणि दोन्ही बटणं दाबत पत्रा घालायला आणि काढायला लागले. बटणं पुरुषांच्या उंचीनं बसवलेली होती. पंधरा मिनिटांत खांदे भरून आले. चाळिसाव्या मिनिटाला डावा हात वर जाईना. कौसल्या माझ्यापेक्षा टीचभर बुटकी होती, आणि ती हे साडेआठ तास करायची.

मी मेमो दिला नाही. प्लांटचे प्रमुख सबनीस यांच्याकडे गेले आणि बटणं वीतभर खाली घ्या म्हणाले. "आधी या महिन्याचं टार्गेट होऊ द्या," ते म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या आठवड्यात ते वैतागून म्हणाले, "घ्या बाई खाली, पण माझी पाठ सोडा." एका रविवारी सगळ्या प्रेसची बटणं खाली आली. सोमवारी कौसल्यानं बटणावर तळवा ठेवला, दाबलं, आणि लाईनच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, आपल्यासाठी केलंय हे!"

त्या दिवशी दुपारी मला शेडमागच्या पायऱ्यांवर जेवायला बोलावणं आलं.

कौसल्या परळीकडची. चाकणला येण्याआधी अकरा वर्षं ऊसतोडीला गेलेली. "इथं डोक्यावर पत्रा हाय," एवढंच ती या नोकरीबद्दल म्हणायची. तिच्याशेजारी बसायची निर्मला काळदाते, बावीस वर्षांची, दहावी झालेली, सगळ्यांत चपळ हाताची. निर्मला कौसल्याला मावशी म्हणायची. नात्यानं तशी काही नव्हती.

धोक्याचं काही दिसलं, कुणी थोडक्यात बचावलं, तर पिवळ्या कार्डावर लिहून पेटीत टाकायचं, अशी पद्धत कंपनीत आधीपासून होती. मी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा आत बडीशेपेच्या पुड्या आणि एक कंगवा निघाला. आता पायऱ्यांवर जेवता जेवता बायका बोलायला लागल्या. खांबाजवळ तेल गळतं. संडास लांब, सुट्टी पाच मिनिटांची, म्हणून पळत जावं लागतं आणि त्याच तेलावरून पाय घसरतो. क्रेनचा हूक डोक्यावरून झोके घेत जातो. ज्यांना लिहायचा कंटाळा येई किंवा लाज वाटे, त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. तेल बंद झालं. सुट्टी दहा मिनिटांची झाली. प्रत्येक गोष्टीसाठी मी सबनीसांशी भांडत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. लाईनवरून जाताना बायका माझ्याकडे बघून मान हलवायच्या. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांना हे जमलं नव्हतं.

एके दिवशी सबनीसांनी कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला.

"टिळेकर, ही सगळी एकाच अक्षरात आहेत. ऑडिटला येणारे म्हणतील, बाईंनी घरी बसून लिहिली. ज्याचं कार्ड त्याचं नाव आणि सही पाहिजे."

मी पायऱ्यांवर जाऊन सांगितलं. कौसल्यानं भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"नाव कामून पायजे? तेल सांडलंय तर तेल पुसा की. कुनी सांगितलं ते लिव्हून तेल कमी सांडनार हाय का?"

"नाव असलं की कार्डाला वजन येतं, कौसल्याताई. नावामुळं कुणालाही त्रास होणार नाही. मी शब्द देते."

"तुमचा शब्द का कंपनीचा?"

"माझा."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग द्या कार्ड. कंपनीचा म्हनला असता, तर न्हाई घातलं असतं नाव."

तिनं एक एक अक्षर कोरून लिहिलं. कौसल्या ज्ञानोबा गित्ते. कार्डाचा मजकूर मी लिहिला: चार नंबरची प्रेस कधीकधी एकदा दाबल्यावर दोनदा खाली येते. पहिल्यांदा येऊन वर गेली की बाई माल काढायला हात घालते, आणि तेव्हाच ती न दाबता पुन्हा येते. त्या आठवड्यात कौसल्या चार नंबरवर होती, आणि दोनदा असं झालं होतं. दोन्ही वेळा कौसल्याचा हात बाहेर होता, निव्वळ नशिबानं.

चार नंबर मी त्याच दुपारी बंद करायला लावली. दोन दिवस बंद राहिली. आतले झिजलेले भाग बदलले. सबनीसांनी त्या दोन दिवसांत माझ्याशी धड बोलणं टाळलं, पण महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. कौसल्यानं नाव घातलं म्हटल्यावर निर्मलानं घातलं, मग बाकीच्यांनी. पुढच्या तीन महिन्यांत पेटीतून शंभरावर कार्डं निघाली, प्रत्येकाखाली नाव आणि सही. कुणाच्या सहीत फूल काढलेलं असायचं.

मार्चमध्ये गाड्यांची मागणी पडली. महिन्याच्या शेवटी मनुष्यबळ विभागाच्या भोईट्यांची चिठ्ठी आली: ऑडिटसाठी पिवळ्या कार्डांची मूळ फाईल पाठवावी. मी पाठवली.

एक एप्रिलला सकाळी पावणेसातला गेटवर अकरा बायकांची ओळखपत्रं यंत्रात लागेनात. त्यांचं कंत्राट संपलं होतं आणि पुढं वाढवलं नव्हतं, असं रखवालदारानं त्यांना सांगितलं. मी तेव्हा पहिल्या मजल्यावर माझ्या खोलीत होते. खिडकीतून गेट दिसायचं. अकराही चेहरे मला ओळखीचे होते, आणि अकराही नावं मी त्या फाईलमध्ये पुन्हा पुन्हा वाचलेली होती. सगळ्यांत जास्त कार्डं ज्यांची होती, त्याच त्या बायका होत्या. निर्मलाची दोनच कार्डं होती. ती आत आली.

कौसल्या रखवालदाराशी काहीतरी बोलली. त्यानं वर फोन केला.

"मॅडम, गित्तेबाई विचारतायत, टिळेकर मॅडम आल्यात का?"

"नाही आल्या म्हणून सांगा," मी म्हणाले. "आणि त्यांचं कपाटातलं सामान कुणाकडून तरी पाठवून द्या."

तिचा चष्मा होता, चपलांचा एक जोड आणि एक रिकामा डबा. ती ते घेऊन थोडा वेळ गेटसमोर उभी राहिली. बाकीच्या दहा रडत होत्या, तावातावानं बोलत होत्या. तीच त्यांना समजावत होती. मग सगळ्या रस्त्याच्या कडेनं एका रांगेत चालत गेल्या.

एप्रिलमध्ये पेटीत एकही कार्ड आलं नाही. मेमध्येही नाही, जूनमध्येही नाही. दुपारी मी पायऱ्यांवर गेले की बायका डबे आवरून उठायच्या. "या ना मॅडम, बसा, आमचं झालंच," म्हणायच्या. कुणी एक शब्दही वाकडा बोललं नाही.

"तीन महिन्यांत एकही धोका नोंदला गेला नाही," सबनीस मला म्हणाले. "याला म्हणतात सुधारणा." ते चेष्टा करत नव्हते. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल पुरवायचो, तिनं आम्हाला सुरक्षेची ढाल दिली. पुण्याच्या एका हॉटेलात समारंभ झाला. ढाल घ्यायला सबनीसांनी मला सोबत स्टेजवर नेलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, शेड एकदम गप्प झाली. प्रेसचा आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यावरच कळायचा. मी जिना उतरून धावले. चार नंबरच्या प्रेसजवळ बायका गोळा झाल्या होत्या. निर्मला खाली बसली होती आणि दुसऱ्या एका बाईनं तिचा उजवा हात स्वतःच्या साडीत गुंडाळून घट्ट धरला होता.

तिची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळ बसले. तिची आई गावाहून अजून पोचली नव्हती.

"निर्मला, आधी असं झालं होतं का गं? प्रेस दोनदा खाली आली होती?"

"चार दिवसांपासून येत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. मी काहीतरी अगदीच सोपं विचारलं होतं, असं तिला वाटलं असावं.

"मॅडम, सांगितलं असतं तर काम जाणार हे नक्की होतं. बोटं जातील हे काही नक्की नव्हतं."

सरकारी अधिकारी चौकशीला यायच्या आधी अपघाताचा अहवाल मला लिहायचा होता. कारणांच्या रकान्यात मी लिहिलं: यंत्रातील बिघाडाची पूर्वसूचना संबंधित कामगाराने दिली नाही. वाक्य खरं होतं. खाली माझी सही आहे.

आता वरून दट्ट्या आला. ऑडिटवाल्यांनी विचारलं, चार दिवस बिघाड होता आणि एकही कार्ड कसं नाही? सबनीसांनी मला बोलावलं. ते थकलेले दिसत होते.

"बायका तोंड उघडत नाहीत, टिळेकर. असं चालणार नाही. ती गित्ते कुठं असते हल्ली? तिचं ऐकतात त्या. तिला परत आणा."

कौसल्या चाकणच्या बाजारात कांदा निवडत होती. एका आडत्याच्या शेडमध्ये पाच-सहा बायका, त्यात त्या अकरांतल्याही काही, ढिगाभोवती बसल्या होत्या, सडका कांदा बाजूला टाकत होत्या. मला पाहून ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि मला शेडच्या बाहेर घेऊन आली. तिथं एका उलट्या घातलेल्या पाटीवर मला बसवलं. स्वतः उभी राहिली.

"निर्मलाचं कसं हाय? म्या गेलते दोनदा. तिची आई लई रडती."

"टाके काढलेत. बरी आहे."

"बरी कशानं आसनार," ती म्हणाली.

मी सांगायला सुरुवात केली. कंपनी तिला परत घेते आहे, यावेळी कंत्राटावर नाही, कायम. बाकीच्या दहा जणींनाही टप्प्याटप्प्यानं घेईन. पेटी पुन्हा सुरू करायची आहे, नावाशिवाय. मी खूप बोलले. ती ऐकत होती. मग तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम, एक इचारू? खरं सांगा. म्या ते धरून बसनार न्हाई. पन खरं सांगा."

"विचारा."

"फाईल देताना तुमाला ठाऊक होतं का, ते आमचं काय करनार हायत ते?"

आत शेडमध्ये कुणीतरी कांद्याची पाटी रिकामी केली. कौसल्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे कांद्यानं लाल झाले होते.

"नाही," मी म्हणाले. "ठाऊक नव्हतं. ऑडिटसाठी म्हणून मागितली होती."

तिनं मोठा श्वास सोडला. तिचा सगळा चेहरा सैल झाला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "म्या ह्या सगळ्यांना तेच सांगत होते. ह्या म्हनायच्या, मॅडमनीच घात केला. म्या म्हनलं, मॅडमला ठाऊक नसनार. ठाऊक आसतं तर त्या दिवशी गेटवर धावत आल्या आसत्या. त्या दिवशी तुमी आलाच नव्हता कामावर."

"हो," मी म्हणाले. "नव्हते आले."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला. "सोमवारी येते."

मार्चमध्ये भोईट्यांची चिठ्ठी आली त्याच दुपारी ते स्वतः माझ्या खोलीत आले होते. फाईल माझ्या टेबलावर होती. मी काळ्या पेनानं कार्डांवरची नावं खोडायला घेतली होती. तीन नावं खोडून झाली होती.

"हे काय करताय?" ते म्हणाले.

"ऑडिटला नावांची काय गरज?"

त्यांनी दार लावलं आणि समोर बसले. भोईटे खोटं बोलणारे नव्हते, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. "ऑडिट नंतर आहे. आत्ता अकरा बायका कमी करायच्यात. कोणत्या, ते ठरवायचंय. साहेब म्हणाले, सारखी कुरकुर करणाऱ्या कोण, ते कार्डांवरून कळेल." मग आवाजही न चढवता म्हणाले, "तुम्हाला कायम करण्याचं पत्रही याच आठवड्यात निघतंय. बघा काय ते."

मी पेनाला टोपण लावलं. फाईल बंद करून त्यांच्या हातात दिली. खोडलेली तीन नावं कोणाची होती, तेही त्यांनी विचारलं. मी सांगितली.

त्यातलं पहिलं कौसल्याचं होतं.

ती सोमवारी आली. तिनं बायकांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण आठवड्याभरात पेटीत सात कार्डं निघाली. पायऱ्यांवर पुन्हा मला जागा मिळाली. ती पुढं नऊ वर्षं तिथं राहिली, लाईनची प्रमुख झाली. नव्या मुली आल्या की त्यांना माझ्याकडे घेऊन यायची. त्या नऊ वर्षांत त्या शेडमध्ये एकाही बाईच्या बोटाला धक्का लागला नाही. हे मी आकडे बघून सांगते आहे. मला दोन बढत्या मिळाल्या. कामगारांचा विश्वास कसा मिळवावा, यावर मला ठिकठिकाणी बोलायला बोलावतात, आणि मी जाते.

कितीदा तरी ओठांवर आलं होतं. एकदा तर तिला मुद्दाम थांबवून घेतलं होतं, सुट्टी झाल्यावर. ती समोर बसली, म्हणाली, "बोला की मॅडम." मी तिला क्रेनच्या हुकाबद्दल काहीतरी विचारलं. तिला सांगितलं असतं तर तिनं बायकांना सांगितलं असतं, पेटी पुन्हा रिकामी झाली असती, आणि आणखी कुणाचा तरी हात गेला असता. हे कारण खरं आहे. पण मी गप्प राहिले ते याच कारणानं, असं मला छातीठोक सांगता येणार नाही.

गेल्या मेमध्ये तिच्या मुलीचं लग्न होतं, परळीजवळ तिच्या गावी. मी जाणार नव्हते. तिनं तीनदा फोन केला. मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगती बसत होत्या. कौसल्या गर्दीतून वाट काढत आली, मला हाताला धरून आपल्या दिरांपुढं, जावांपुढं, व्याह्यांपुढं नेऊन उभं केलं.

"ह्या आमच्या मॅडम," ती सगळ्यांना सांगत होती. "कंपनीत लई साहेब पायले. पन एवढ्या वर्षांत आमच्याशी खोटं बोलल्या न्हाईत, अशा ह्या येकट्याच."

व्याह्यांनी हात जोडले. मीही जोडले.

पंगतीच्या तोंडाशी निर्मला कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. बायकांना कुंकू लावून आत सोडत होती. माझा नंबर आला. तिनं करंडा डाव्या हातात धरला, उजव्या हाताची करंगळी कुंकवात बुडवली आणि माझ्या कपाळाला टेकवली.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "पंगत सुरू होतीय."

मी बसले. वाढलं ते सगळं खाल्लं.